अक्कांनी बाटली सोडली

काचेच्या बाटलीवरचा कागद नखानं ओरबाडून काढायचा नसतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून बाटली भिजत ठेवली की कागद आपण होऊन सुटतो. घाई केली तर डिंकाचा डाग राहतो आणि त्यावर दुसरं काही नीट बसत नाही.

माझे मालक वारल्यावर कुरुंदवाडचं घर बंद झालं आणि मी धाकटे दीर शिवकुमार यांच्याकडं कोल्हापूरला राहायला आले. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. पूजा, मग चहा, मग घरातलं सगळं. दुपारी दीर आणि जाऊ आडवे झाले की मागच्या पायरीवर बसून माझं काम चालायचं. कॉफीची, मधाची, लोणच्याची बाटली, जी येईल ती. बुडापासून गळ्यापर्यंत सुतळी गुंडाळायची, सुतळीचा एकही पदर दुसऱ्यावर चढू द्यायचा नाही. गळ्याला जुन्या इरकल साडीचा काठ. माझं माहेर हुपरीचं, भावाच्या घरी पैंजणांचं काम चालतं. त्यांच्याकडं घुंगरू वाकडं झालं की टाकून देतात. तसली वाकडी घुंगरं मी पिशवीतून आणायची आणि काठाला टाचायची. बाटली उचलली की इतकाच आवाज यायचा, जवळच्या माणसाला ऐकू येईल एवढा.

कॉलनीतल्या गणपतीच्या देवळात फुलं ठेवायला मी अशा दोन बरण्या दिल्या होत्या. त्या महिला मंडळाच्या राजनंदिनी वहिनींनी बघितल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून बायकांसाठी हस्तकलेचा वर्ग काढायचा त्यांच्या मनात होतं. शांभवीला, म्हणजे माझ्या जावेला, त्यांचा फोन आला. ती फोन ठेवून मला म्हणाली, "अक्का, तुमच्या बाटल्या बघायला येणार आहेत. शिकवायला कुणीतरी हवंय त्यांना."

तव्यावरची चपाती तशीच राहिली. मी सातवीपर्यंत शिकले. पुढं सासरी सगळं दुसऱ्यांनी मला शिकवलं. पाट कसा मांडायचा, पाहुण्यांपुढं कसं बसायचं, किती हसायचं. मला एकदा कुणाला तरी काहीतरी शिकवायचं होतं. एवढंच. फार मोठी गोष्ट नव्हती, पण मला ती फार हवी होती.

"मला जमेल का गं?" मी विचारलं.

"न जमायला काय झालं? तुमच्यासारखं कुणाला येतं?" ती म्हणाली. त्या दिवशी मी चपातीला जास्तच तूप लावलं असेन.

त्या आल्या सोमवारी.

सोमवारी माझं मौन असतं. सांजवात लागेपर्यंत शब्द नाही. आमच्या मठातले स्वामीजी सांगतात, पाटीवर लिहून दाखवलं तर तेही बोलणंच, म्हणून मी लिहीतही नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक. दारावर येणाऱ्या दूधवाल्यालासुद्धा ठाऊक.

राजनंदिनी वहिनी आणि त्यांच्याबरोबर मंडळाच्या आणखी दोघी सोफ्यावर बसल्या. शांभवीनं माझ्या बरण्या आधीच टेबलावर मांडून ठेवल्या होत्या, उंचीप्रमाणं. मी चहा घेऊन आले.

"लई देखणं काम हाय की ओ," राजनंदिनी वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. "कुणी केलं म्हणायचं हे?"

"आमच्या घरातच होतं सगळं," शांभवी म्हणाली. "मी बेसिकपासून शिकवीन. आधी सुतळी, मग लेस, मग काचेवरचं पेंटिंग. साहित्याची यादी मी ग्रुपवर टाकते."

मी ट्रे धरून उभी. ती माझ्याकडं बघत नव्हती. साखरेच्या डब्याकडं बघत होती.

"काय अक्काताई," राजनंदिनी वहिनींनी माझ्याकडं तोंड वळवलं, "शिकवंल न्हवं तुमची जाऊ नीट?"

"आज सोमवार आहे, अक्का बोलत नाहीत," शांभवी पटकन म्हणाली.

"अगं, मान तर हलवतील."

आणि मी मान हलवली. होय म्हणून. घरात आलेल्या माणसासमोर जावेला खोटं पाडायचं नाही, हे माझ्या मानेला माझ्याआधी ठाऊक असतं. चहा दिला, कप गोळा केले, आत आले. पाण्याचा नळ मोठा सोडला.

सांजवात लावली. नमस्कार केला. मग मी बाहेर येऊन शांभवीला विचारलं, "असं का गं केलंस?"

"काय केलं?"

"मी केलंय, असं सांगायचं होतं."

"अक्का, खरं सांगू का, राग मानू नका." तिनं मोबाइल बाजूला ठेवला. "वीस बायका असतील. तुमचा आवाज स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत येत नाही. आणि सोमवारी काय करणार? खुणा? काम तुम्हीच करा की. मी नुसतं बोलते. कुणाचं तरी तोंड लागणारच ना."

"त्या कुठल्याही दिवशी आल्या असत्या."

यावर तिनं मोबाइल परत हातात घेतला. मग कळलं, की फोनवर दिवस तिनंच सांगितला होता.

शिवकुमार टीव्हीसमोर जेवत होते. ते म्हणाले, "वहिनी, नाव कुणाचं का होईना, दारावरची पाटी एकच आहे की. घरातलं घरात." आणि आणखी आमटी मागितली. मी वाढली.

देवळाच्या हॉलमध्ये रंगकाम निघालं होतं, म्हणून वर्ग आमच्याच हॉलमध्ये भरला. मी आदल्या दिवशी बाटल्या भिजवायच्या, पुसून ठेवायच्या, सुतळीचे गुंडे करायचे, एक बाटली पूर्ण करून ठेवायची आणि एक अर्धी. अर्धी हातात घेऊन शांभवी बोलायची. छान बोलायची, खोटं कशाला सांगू. मी केलेलं तिच्या तोंडून ऐकताना मलाच नवीन वाटायचं. बायका तिला मॅडम म्हणायच्या.

कॉलनीबाहेरच्याही बायका यायच्या. त्यातल्या एकीनं मला दारात अडवलं. चांगल्या घरची, बोलायला गोड.

"बाई, जरा पाणी आणता?"

आणलं. तिनं तांब्या परत देताना विचारलं, "तुम्ही पूर्णवेळ असता का हो इथं? आमच्याकडची सोडून गेली. सकाळचं एक घर धराल का?"

शांभवी तिथंच, सुतळी हातात घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. हसली आणि म्हणाली, "अहो, आमच्या अक्का आहेत त्या. त्यांच्याशिवाय पान हलत नाही आमचं."

असं तर लोक कामवालीबद्दलही म्हणतात. त्या बाईला काही वेगळं कळलं नाही. जाताना तिनं मला आपला नंबर दिला.

हुपरीच्या शाळेत आम्ही बाई म्हणायचो ते शिकवणाऱ्या बाईंना. बाई आल्या की वर्ग उभा राहायचा. आता शिकवणारी ती मॅडम, आणि बाई म्हणजे भांडी घासणारी. हे कधी झालं, मी कुरुंदवाडात होते तेव्हा की त्याच्या आधी, कोण जाणे.

बुधवारी मी राजनंदिनी वहिनींच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी घरातली गोष्ट घराबाहेर सांगायला निघाले होते. जाताना वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. त्या अंगणात पापड वाळत घालत होत्या.

"या अक्काताई. बसा. काय काढलंय?"

"वहिनी, त्या बरण्या शांभवीनं केलेल्या नाहीत. मी करते."

त्यांनी पापड उलटा केला. "मला ठावं हाय की."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"अवो, शांभवीच्या नखांवर कधी डिंक बगितलाय का कुणी? तुमच्या बोटांस्नी सदा चिकटलेला असतोय. मी काय आंधळी न्हाय."

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी मी तुमास्नीच इचारलं. समद्यांसमोर. इचारलं का न्हाय?"

"माझं मौन होतं."

"तोंडाचं हुतं. मानंचं बी हुतं व्हय?"

मी खाली बघितलं. पापडांच्या कडा आत वळायला लागल्या होत्या.

"बगा," त्या जरा हळू बोलल्या, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, "मी तुमाला वंगाळ म्हणत न्हाय. तुमी देवमाणूस. पण सोमवारी मुक्या, गुरुवारी उपाशी, एकादशीला मठात, आणि बोलायला लागला तर माशीलाबी ऐकू यीना. वर्ग चालवायला तोंडाळ बाई लागती. शांभवी खोटं बोलली, पर बोलली तर. च्या घेणार न्हवं?"

मी चहा घेतला. नाही म्हणता आलं नाही.

घरी येऊन मी काही बोलले नाही. शांभवीला मात्र कुठून तरी कळलं. रात्री भाजी चिरताना तिनं माझ्या शेजारी बसून एवढंच म्हटलं, "मला सांगायचं होतं अक्का, बाहेर कशाला?" आणि तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता उद्या वर्गात ती सांगेल. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात सांगितलं, की गणपतीच्या आधी मोठं प्रदर्शन भरवायचंय, प्रत्येकीच्या नावाचं टेबल असेल, आणि मॅडमचं टेबल मधोमध. मला आत येऊन म्हणाली, "अक्का, माझ्या टेबलासाठी सगळ्यात भारी काम करायचं हं. गौरीच्या दोन्ही बाजूंना ठेवता येतील अशा मोठ्या बरण्या. हुपरीहून घुंगरं जास्त मागवा."

श्रावण लागला. मठात रोज संध्याकाळी पुराण असतं. पहिल्या सोमवारी सांजवात लावून मी गेले. पुराण संपल्यावर बायका स्वामीजींसमोर एकेक पुढं होऊन श्रावणासाठी काहीतरी सोडतात. कुणी वांगं, कुणी चहा, कुणी गादीवर निजणं. माझ्या पुढचीनं साखर सोडली आणि लगेच मागं वळून मुलीला म्हणाली, गूळ चालतो गं.

स्वामीजींनी माझ्याकडं बघितलं. "अक्का, तुम्ही तर सगळंच सोडलेलं आहे. आता काय सोडणार?"

"बाटल्या," मी म्हणाले.

त्यांना समजलं नाही. मी समजावून सांगितलं, की मी सुतळी लावून बाटल्या सजवते, ते सोडते. ते म्हणाले, "महिनाभर?" मी म्हणाले, "कायमचं." हे शब्द मी घरून ठरवून नेले नव्हते. आले. स्वामीजींनी माझ्या हातावर विभूती ठेवली. झालं.

सकाळी पूजा करून मी शांभवीला सांगितलं. ती दात घासत होती, तशीच बाहेर आली.

"बाटल्या कोण सोडतं, अक्का? वांगी सोडा की."

"वांगं मला आवडत नाही. आवडतं तेच सोडायचं असतं."

"प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलंय."

"मला माहीत आहे."

तिनं शिवकुमारांना हाक मारली. ते येऊन ऐकून घेऊन हसायलाच लागले. "वहिनींनी बाटली सोडली, असं सांगायचं का आता लोकांना?" मग माझं तोंड बघून थांबले. "जाऊ दे शांभवी. नेम आहे तो. नेम मोडायला सांगणारा पापाचा धनी होतो. आपल्याला नको."

शांभवी माझ्याकडं बघत राहिली. त्या घरात मला पहिल्यांदाच कुणी आडवं येऊ शकत नव्हतं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, आणि तसं वाटू नये हेही कळत होतं.

दिरांचा विनोद मात्र घरात राहिला नाही. संध्याकाळपर्यंत कॉलनीत पसरला. भाजीवालीनं विचारलं, "अक्का, बाटली सोडली म्हनं? बरं झालं, तब्येतीला वाईट असतीया." बायका हसल्या. मीही हसले.

मला वाटलं होतं वर्ग मोडेल. निदान मधलं टेबल रिकामं राहील. शांभवीनं मोबाइलवरून तयार बरण्या मागवल्या. मशीनवर केलेल्या, सगळ्या एकसारख्या, सोनेरी रंग फासलेल्या, घुंगरांच्या जागी प्लॅस्टिकचे मोती. प्रदर्शनाच्या दिवशी मी पूजेनंतर देवळात गेले, तेव्हा तिथल्या नव्यानं रंगवलेल्या हॉलमध्ये गर्दी होती. एक बाई मधल्या टेबलावरची बरणी हातात फिरवून म्हणत होती, "मॅडमच्या हातात कला आहे." राजनंदिनी वहिनी तिच्याजवळच होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि शांभवीच्या गळ्यात हार घातला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

बाटली उचलून आवाज येतो का, हे कुणी बघितलं नाही.

गणपती झाल्यावर अंबूबाई आली. ती समोरच्या इमारतीतल्या घरांत काम करते आणि माझ्यासाठी रिकाम्या बाटल्या राखून ठेवायची. पदराखालून तिनं एक निळी बाटली काढली. जाड काच, लांब गळा, आत बुडबुडे. अशी काच आता मिळत नाही.

"साहेबांच्या म्हाताऱ्या आईची व्हती. टाकून देत व्हते. म्या म्हनलं, आमच्या अक्कांस्नी देतो."

मी ती उजेडात धरली. कागद निम्मा उरला होता. अंगठा आपोआप कागदाच्या कोपऱ्यावर गेला.

"मी सोडलंय ते, अंबूबाई."

"व्हय, ऐकलं. खरंच सोडलं? कुणी सांगितलं सोडायला?"

"कुणी नाही."

"मग कुणावर राग काढला?"

मी काही बोलले नाही. सोमवार नव्हता.

"परत न्हेऊ?" तिनं विचारलं.

"राहू दे. घरात लागेल कशाला तरी."

ती गेल्यावर मी बाटली साध्या पाण्यानं विसळली. कागद तसाच ठेवला. फिनेलचा डबा गळत होता, त्यातलं पांढरं फिनेल तिच्यात ओतलं, बूच घट्ट लावलं आणि न्हाणीघरात झाडूच्या मागं ठेवली. रोज पहाटे पूजेआधी आंघोळीला जाते तेव्हा दिसते. निळ्या काचेतून फिनेल दुधासारखं दिसतं.