अर्जातली तारीख

"मास्तर, पेपरची तारीख एकदाच बदलून मिळते. ती तुम्ही घेतलीत बदलून. आता चौदा म्हणजे चौदाच." परीक्षा विभागातल्या बाईंनी अर्ज खिडकीतून परत सरकवला.

"पण चौदाला सकाळीच तिची फायनल आहे हो."

"मग 'स्पर्धा कधी संपणार' इथे बारा का लिहिलंत?"

मास्तरांनी अर्जावरचं आपलंच अक्षर पाहिलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते विद्यापीठातल्या खेळाडूंचा बुडालेला अभ्यास भरून काढत. कुणाला सरावाआधी शिकवत, कुणाला गुडघ्यावर बर्फ धरून बसलेलं असताना. पोरांचे अर्जही तेच भरत. बारा तारखेला प्राथमिक फेरी होती, अंतिम फेरी चौदाला. चारशे मीटर धावणारी ही पोरगी तीन वर्षांत एकदाही प्राथमिक फेरीच्या पुढे गेली नव्हती. म्हणून त्यांनी सरळ बारा लिहिलं होतं. आणि काल ती अंतिम फेरीत पोचली.

"मोठ्या साहेबांना भेटू का?"

"भेटा की. सोमवारी येतील ते. पेपर उद्या आहे."

बाहेर पायरीवर ती बसली होती. मास्तरांचा चेहरा बघूनच तिला कळलं.

"माझी चूक झाली गं."

"चूक कसली, मास्तर? तुम्हाला वाटलंच नव्हतं मी फायनलला जाईन."

पोरांशी ते कधी खोटं बोलले नव्हते. "नव्हतं वाटलं," ते म्हणाले.

"मलाही नव्हतं." ती हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. "आईला तेवढं वाटायचं. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"तू पळ. पहिल्या तिघींत आलीस तर देशाच्या संघात जाशील. पेपरचं बघू आपण."

"काय बघणार? या पेपरची ही दुसरी खेप आहे. नापास झाले की शिष्यवृत्ती गेली, होस्टेलची खोली गेली. आणि चौथी आले तर? तुम्ही हमी देता?"

मास्तर पायरीवर तिच्याजवळ बसले. ती नाक पुसत त्यांच्या शेजारी सरकली. "ते विचलनाचं गणित परत दाखवा. माझं दर वेळी चुकतं."

त्यांनी वही उघडली. ते आकडे मांडू लागले. वही हलू नये म्हणून तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मास्तर परीक्षेच्या खोलीबाहेर उभे होते. दहा चाळीस. मैदानावर आत्ता तिच्याशिवाय बाकीच्या सातजणी सुरुवातीच्या रेषेवर वाकल्या असतील. दाराच्या काचेतून ती त्यांना एका बाजूने दिसत होती. तिचा लिहिता हात थांबला. बाकाखाली दोन्ही टाचा उचलल्या गेल्या, चवडे फरशीवर घट्ट दाबले गेले. जवळजवळ मिनिटभर ती तशीच राहिली.

मग टाचा हळूहळू खाली टेकल्या आणि तिने पान उलटलं.