थोरली हसली पाहिजे

लेखिकेनं चष्मा काढून डोळे चोळले. एका वाक्यावरून सकाळपासून काथ्याकूट चालला होता.

घरोघरी वाचली गेलेली ती जुनी ऐतिहासिक प्रेमकथा. वेढा पडलेल्या शहरातून धाकटी बहीण प्रियकरासोबत घोड्यावरून पळून जाते आणि थोरली दारात उभी राहून तिला ‘हसत हसत’ निरोप देते. त्यानंतर कादंबरीत थोरलीचा पत्ताच नाही. मूळ लेखक वारल्यावर त्याच्या वारसांनी तीच कथा थोरलीच्या बाजूनं सांगायची अधिकृत परवानगी दिली होती आणि काम लेखिकेच्या गळ्यात पडलं होतं. परवानगी कसली, लोढणंच ते! प्रत्येक प्रकरण वारसांच्या नजरेखालून जायचं आणि मूळ पुस्तकाला कुठं धक्का लागता कामा नये.

वारस म्हणजे लेखकाची दोन मुलं. साठी उलटली तरी ‘बाळ’च राहिलेला मुलगा आणि त्याची मोठी बहीण, ताई.

“थोरली हसलीच पाहिजे,” बाळ टेबलावर बोट आपटत म्हणाला. “बाबांनी लिहिलंय तसं.”

“अहो, बाप अंथरुणाला खिळलेला, शत्रू वेशीवर आणि बहीण घरातला एकुलता एक घोडा घेऊन चाललीय! हसेल कशी ती? वेड लागलंय का तिला?”

“ते तुम्ही बघा. लेखिका तुम्ही आहात.”

लेखिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं हस्तलिखित याच्या डोक्यात घालावं आणि सरळ घर गाठावं, असं तिला वाटलं. तिनं आशेनं ताईकडे पाहिलं. पण ताई काय, दर बैठकीत विणकाम घेऊन बसायची आणि बाळच्या हो ला हो करायची.

आज मात्र ताईनं सुया खाली ठेवल्या.

“बाळ, तू परदेशी निघालास तेव्हा बाबा आजारी होते. मी दारात उभी होते. आठवतं?”

“आठवतं की. हसत होतीस तू. म्हणून तर मी निर्धास्त गेलो.”

“आणि रडले असते, तर राहिला असतास?”

बाळनं कप उचलला, तर तो रिकामा.

“नसतास राहिला,” ताईच म्हणाली. “टॅक्सी दारात उभी होती. मग हसले. तू गेलास आणि मी दार लावून तिथंच खाली बसले. बाबा आतून हाका मारत होते, तरी माझ्यानं उठवेना.”

लेखिकेनं पेन उचललं. हसू तसंच ठेवलं आणि खाली लिहिलं: घोडा वळणाआड गेला. थोरलीनं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून ती खाली बसली. आतून वडील हाका मारत राहिले.

बाळनं कागद ओढून घेतला. दोनदा वाचला. मग घसा खाकरून म्हणाला, “मूळ पुस्तकाच्या विरोधात नाही हे,” आणि सही केली. ताईकडे बघायचं त्यानं टाळलं. तीही कप उचलून आत निघून गेली.

सुटले बाई एकदाची, म्हणत लेखिकेनं पिशवी आवरायला घेतली.

“तुमच्या दुसऱ्या प्रकरणात,” बाळ म्हणाला, “सेनापतीला मिशा नाहीत. बाबांनी दिल्यात.”

लेखिका पुन्हा खुर्चीत बसली.