पहिला आवाज विमलाचा

"आक्के, बोलतलंस मा गो?" यशोदानं पुन्हा विचारलं.

"बोलतलंय! माझ्या तोंडाक काय कुलूप आसा?" विमला फणकारली.

आरोंद्याच्या त्या काजू कारखान्यात बिया फोडणाऱ्या बायकांनी तिलाच पुढे केलं होतं. कारणही तसंच. गावच्या देवळात मानकरी देवाला गाऱ्हाणं घालू लागला की त्याच्या प्रत्येक वाक्यावर 'व्हय म्हाराजा'चा पहिला आवाज विमलाचा, बाकीचं गाव तिच्या मागून. सरकारनं किमान मजुरी वाढवली, सावंतवाडीचा कामगार खात्याचा साहेब तसं सांगूनही गेला, पण मालक शंकरशेट ढिम्म! तेव्हा ठरलं, हंगामाचा नारळ फुटण्याआधी विमलानं विचारायचं. नवा दर कबूल, तरच बी फोडायची. यशोदाचा नवरा पाय मोडून घरी पडला होता. तिची सगळी भिस्त या वाढीवर होती.

शंकरशेट आला तो नारळ हातात घेऊनच. महावस्ताद माणूस! कुणाला तोंड उघडू न देता त्यानं देवाच्या फोटोसमोर गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, ह्या धंद्याक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सगळ्यांच्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो बायो माझ्या घरच्यो. जुन्याच दरात खुशीन काम करतत, ता मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पहिला आवाज विमलाचा. खणखणीत. मागोमाग साऱ्याजणींचा. अगो बाई, आपण हे काय म्हणून बसलो! ती "शेट..." म्हणेपर्यंत नारळ फुटलासुद्धा.

"आता देवाफुडे बोललंस हां, विमलाबाय," शेटनं हसत खोबऱ्याची अख्खी वाटी तिच्या हातावर ठेवली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. देवासमोर गेलेला शब्द मागे घ्यायचा कसा? यशोदा निमूट पाटावर बसली, काजूचं तेल लागू नये म्हणून बोटांना राख चोळून बी फोडू लागली. एक शिवी तरी हासडायची होती बाईनं!

हंगामभर जुनाच दर मिळाला.

जत्रेला देवळात गाऱ्हाणं सुरू झालं. मानकरी पहिलं वाक्य बोलून थांबला. गावही थांबलं, सवयीनं. विमला खांबाआड उभी होती, काजूच्या तेलानं काळी पडलेली बोटं पदरात गुंडाळून, ओठ घट्ट मिटून.

शेवटी शेजारून कुणीतरी चाचरत म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आवाज यशोदाचा होता.