पणजीने भरलेली बाटली

मी एक जुनी काचेची बाटली आहे, मित्रांनो. पाण्याच्या प्रयोगशाळेत सर्वांत खालच्या फळीवर असते. भट्टीतून निघाले तेव्हा वाटले होते, माझ्यात सरबत भरतील. नशिबात आले विहिरींचे पाणी.

माझ्या उमेदीच्या काळात राज्यात एक मोठे काम चालले होते. जमिनीखालच्या पाण्यात कोणता क्षार किती असला तर चालेल, याचे नियम ठरत होते. त्यासाठी गावोगाव आम्हा बाटल्यांना रिकामे पाठवत. गळ्यात चिठ्ठी असे : विहिरीच्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी.

एकदा मी एका पणजीच्या हाती पडले. घरात दीड महिन्याचे बाळ होते. सगळे त्याला पिटुकले म्हणत. त्याच्या दुधाची पावडर विहिरीच्या पाण्यात कालवत. बाळाचे ओठ हल्ली निळसर दिसू लागले होते. पणजी धास्तावून पाणी जास्तच उकळी. तान्ह्या बाळांना बाधणारा नायट्रेट नावाचा क्षार उकळून जात नाही, उलट दाट होतो, हे तिला कोण सांगणार?

तिने मला साबणाने लख्ख घासले आणि थोरल्या लेकीने शहरातून आणलेले नळाचे पाणी माझ्यात भरले. मला सगळे कळत होते, पण काचेला वाचा कुठली?

प्रयोगशाळेतल्या बाईंनी माझ्यातल्या पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी पिवळे झाले.

"विहिरीत क्लोरीन कुठून आला? हे तर नळाचं पाणी," बाई म्हणाल्या.

"लिहून टाका चांगलं म्हणून," शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणाले. "एका विहिरीनं काय बिघडतंय?"

बाईंनी मला पिशवीत घातले आणि सकाळची गाडी पकडून पणजीचे घर गाठले.

"आजी, हे पाणी विहिरीचं नाही ना?"

पणजी ओशाळली. "अगं, सरकारकडे जायचं होतं. पाहुण्याला का कुणी फुटक्या कपात चहा देतं?"

"आणि पाळण्यातल्या या बाळाला कोणतं देता?"

पणजीने मला उचलून विहिरीवर नेले, तीनदा विसळले आणि भरले. बाईंनी बाळाचे ओठ पाहिले आणि आईला व बाळाला परतीच्या गाडीने डॉक्टरांकडे नेले. त्या दिवसापासून बाळाचे दूध शहरातून आणलेल्या पाण्यात होऊ लागले. आठवड्याभरात ओठ गुलाबी झाले.

माझ्यातल्या पाण्यात नायट्रेट फार निघाले. नियम ठरवणाऱ्या बैठकीत एक साहेब म्हणाले, "ती पणजी ऐंशी वर्षं हेच पाणी पितेय. ठणठणीत आहे की."

बाईंनी मला टेबलावर ठेवले. "मग पणजीचं सोडा साहेब, पिटुकल्याच्या हिशेबानं ठरवा."

नायट्रेटची मर्यादा तान्ह्या बाळांचा विचार करून लिहिली गेली. मी तिथेच होते.

आता यंत्रे आली, नव्या बाटल्या आल्या. माझ्या तोंडाचा टवका उडाला आहे, म्हणून मला कुणी बाहेर पाठवत नाही. पण तुमच्या दारी माझी एखादी नात आली, तर तुम्ही रोज पिता तेच पाणी तिच्यात भरा. गढूळ असले तरी लाजू नका.

त्या बैठकीनंतर पणजी दरवर्षी आठवणीने मला भरून पाठवायची. तिची शेवटची चिठ्ठी अजून माझ्या अंगाला चिकटून आहे : "विहिरीचंच आहे. थोडा कचरा आला असेल, राग मानू नये. पिटुकलं आता शाळेत जातं."