पाटीवरचं बोट

सभागृहात न बोलणाऱ्या मुलांच्या आयांची गर्दी, पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर मौनगुरू. मांडीवर अक्षरांची पाटी, मुठीत माझ्या भाचीचं मनगट. सहा वर्षांची पोर, आजवर एक शब्द बोललेली नाही. तिचं बोट टेकत गेलं:

आ. ई. म. ला. स. ग. ळं. क. ळ. तं.

सभागृह हुंदके देऊ लागलं. माझी बहीण तर खालीच बसली.

"अहो, तिला अक्षरओळखही नाही," मी म्हणाले. शाळेत शिकवते, खोड जात नाही.

"आत्म्याला बालवाडी लागत नाही, ताई!" गुरू म्हणाले.

टाळ्या.

(आधीचं सांगायचं राहिलं. पोर स्वमग्न आहे का, हे तपासून सांगणारी डॉक्टर आमच्याकडे एकच. तारीख चौदा महिन्यांनंतरची मिळाली होती. त्यातले तेरा सरले होते.)

बोट पुढे सरकलं: डॉ. क्ट. र. न. को.

बहिणीने तिथूनच फोन करून तारीख रद्द केली.

मी भाचीकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती. पाटीकडे बघत होते गुरू.

"गुरुजी, एक छोटी परीक्षा. दोन मिनिटं बाहेर थांबता?"

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? गेले. सगळ्यांदेखत मी भाचीच्या हातात चमचा दिला, मग पिशवीत टाकला. टेबलावर मुद्दाम किल्ली ठेवली.

"या. आम्ही तिला काय दाखवलं, ते तिच्याकडून लिहून घ्या."

गुरूंची नजर टेबलावरून फिरली. मनगट धरलं. कि. ल्ली.

मी पिशवीतून चमचा काढून वर धरला.

"शंकेने तरंग बिघडतात," गुरू पुटपुटले.

"बिघडले की चमच्याची किल्ली होते वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

बहीण हसली नाही. "म्हणजे 'आई'सुद्धा ती म्हणाली नाही?"

"नाही गं."

तिने लगेच दवाखान्यात फोन लावला.

"जुनी तारीख? ती गेली, बाई. पाच मिनिटांत जाते. आता सोळा महिन्यांनी."

कुणी मनगट धरून लिहवून घेत असेल, तर धरणाऱ्याला बाहेर पाठवा आणि मग विचारा. एवढी अक्कल पुरे. पण सभागृहातल्या त्या आया बिनडोक नव्हत्या. प्रत्येकीच्या पर्समध्ये पुढच्या वर्षीची तारीख होती. गुरूला हाकलाच. मग त्याच गर्दीने दवाखान्याच्या दारात जावं आणि आणखी डॉक्टर नेमल्याशिवाय हलू नये.