लाटेचा क्रूस

आमच्या बेटावर क्रूस काढत नसत, कापत. नव्या वर्षाच्या आधी वडील आंघोळ करून बसायचे, पांढऱ्या कागदाच्या घड्या घालायचे आणि ओठांत प्रार्थना पुटपुटत बोटाएवढे क्रूस कापायचे. मग त्यांवर समोरच्या खडकाळ बेटावरून आणलेलं पवित्र पाणी शिंपडायचे. एक क्रूस घराच्या तुळईला, एक होडीत, एक गोठ्यात. माणूस गेलं की एक त्याच्या मुठीत. हे काम पुरुषांचं, आणि आमच्या वाडीत ते माझ्या वडिलांकडे होतं. जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी होती, अडीचशे वर्षं तो लपवून पाळला, त्यामुळे कागदावर काही उतरवायचं नाही ही सवय हाडात मुरलेली.

मी बारा वर्षांची असताना फुकुओकाहून कुराहाशी नावाचे प्राध्यापक आले. ते वडिलांना म्हणाले, "निरनिराळ्या क्रूसांची चित्रं काढून द्या, अर्थही सांगा."

वडील हसले. "अर्थ कसला? तुळईला लावायचा असतो."

शेवटी प्राध्यापकांनी मला गाठलं. माझा हात चित्रकलेत चांगला होता. घरोघरी पाहिलेले क्रूस मी त्यांच्या वहीत काढले: साधा, चारही हात सारखे असलेला, माशाच्या शेपटीसारखी टोकं असलेला, मध्ये चीर असलेला, आणि कडा लाटांसारख्या असलेला. प्रत्येकाखाली बोट ठेवून ते विचारत, "हा कशासाठी?" मी "माहीत नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. मला ते बघवेना.

"शेपटीचा होडीसाठी," मी म्हटलं.

"असं होय!" त्यांनी भराभर लिहून घेतलं.

त्या "असं होय" ची मला चटकच लागली. चिरेचा बाळंतिणीसाठी. साधा गुराढोरांसाठी. लाटांचा मेलेल्यांसाठी, कारण त्यांना समुद्र ओलांडून जायचं असतं. जाताना त्यांनी मला बारा रंगीत पेन्सिली दिल्या.

खरं एवढंच होतं की त्या वर्षी आमची कात्री बोथट झाली होती. लाटा त्या कात्रीच्या होत्या. वडील तिला शिव्या घालत होते.

पुढे कुराहाशींचं पुस्तक आलं. वडील गेले. ताईचा नवरा आमच्याकडे घरजावई होता, काम त्याच्याकडे आलं. तोही तरुणपणीच समुद्रात बुडून गेला. ताईचा मुलगा कात्सुयोशी सासेबोच्या गोदीतून निवृत्त होऊन परतला तेव्हा शिकवायला कुणी उरलं नव्हतं. तो पुस्तकावरून शिकला. मनापासून शिकला, हे मला सांगायलाच हवं.

गेल्या हिवाळ्यात ताईनं अंथरूण धरलं. एका सकाळी मला म्हणाली, "फुसा, आईच्या हातात बाबांनी दिला होता ना, तसलाच साधा मला दे. नाहीतर पलीकडे आई मला ओळखायची नाही."

मी कात्सुयोशीकडे गेले. तो मुळे धूत होता.

"आईला साधा क्रूस दे."

"मावशी, साधा गुरांचा असतो. आईला मी गुरांचा देऊ?"

"ते मी रचलेलं आहे. बारा वर्षांची होते मी. सगळं खोटं आहे."

त्यानं हात पुसले, आतून पुस्तक आणलं, पान उघडलं. चित्राखाली माझं नाव छापलेलं. "बाराव्या वर्षी डोकं ताजं होतं तुझं. आता चौऱ्याहत्तर. परवा चुलीवर किटली विसरलीस. कोणत्या फुसामावशीवर विश्वास ठेवू, सांग."

"आत्ताच्या."

"जा, आईजवळ बस," तो मायेनं म्हणाला.

ताई तीन दिवसांनी गेली. मी शिडी लावून जुन्या गोठ्यात चढले. गाय विकून पन्नास वर्षं झाली, पण तुळईला वडिलांनी कापलेला शेवटचा क्रूस होता. पिवळा पडलेला, साधा, त्यांच्या प्रार्थनेचा, त्यांनी पाणी शिंपडलेला. तो घेऊन मी शवपेटीपाशी आले.

कात्सुयोशीनं माझं मनगट धरलं. "मावशी, लोक बघताहेत. गोठ्यातला?" त्याचे डोळे भरले होते. "माझी आई आहे ती."

ताईच्या मुठीतून लाटेचा क्रूस डोकावत होता. नवी धारदार कात्री आणून त्यानं एकेक लाट जपून कापली होती. एवढ्या सुबक लाटा वडिलांना कधी जमल्या नसत्या. पेटीचं झाकण लागलं.

गोठ्यातला क्रूस त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा तुळईला लावला. आता वाडीत कापणारा तो एकटाच. माझ्या मुठीत कोणता येणार हे मला ठाऊक आहे. तो मीच काढलेला आहे.