मोज्यातली बाटली

तुम्ही खोटं बोललात, चव-समितीच्या लोकांनो. खुर्चीत बसून, पेले फिरवून, चार घोट थुंकून खोटं बोललात. ओदीलच्या वाइनवर ‘या मातीची चव नाही’ असा शेरा मारलात आणि तिच्या बाटलीवरून गावाचं नाव काढून घेतलंत. आता नुसतं ‘लाल वाइन’ लिहायचं, जणू ती कुठे पिकलीच नाही.

फ्रान्समधल्या लुआर नदीकाठच्या व्हालमेर गावात द्राक्ष एकच, काबर्ने फ्रां. पण नदीलगतच्या खडीवरची वाइन हलकी, लगेच पिऊन टाकायची. वरच्या चुनखडीच्या उतारावरची काळपट, आडदांड, तीन वर्षं दम धरायला लावणारी. ओदीलचा मळा उतारावर. समितीचे प्रमुख एव्हरार यांचा खडीवर. त्यांच्या जिभेला जे सवयीचं, तेवढंच गावाचं.

वाइनवाल्यांचा कैवारी संत व्हिन्सेंट याच्या दिवशी सगळे मळेवाले दगडी तळघरात जेवायला जमतात. प्रत्येकाने आपली बाटली एकसारख्या लोकरीच्या मोज्यात घालून आणायची, मग सगळ्या मिसळायच्या. बाकीच्यांनी चाखून जमीन ओळखायची. ओदीलने मुद्दाम नाकारलेलीच बाटली आणली. इथेही कुणी ओळखली नाही, तर शेरा खरा ठरणार होता.

म्हाताऱ्या फिर्मांने तिच्या बाटलीतला घोट तोंडात बराच वेळ घोळवला.

“चर्चच्या वरचा उतार,” तो म्हणाला. “ओदील, पोरी, हिला मोज्यात कशाला कोंबलीस? ही काय लपणार आहे?”

शेजारच्यानेही तेच सांगितलं. त्याच्या पलीकडच्यानेही. मोजा निघाला आणि बाटली टेबलभर फिरून रिकामीच परतली. एव्हरार तेवढे पुढच्या मोज्याकडे वळले होते. त्यांनी हुंगलं, नाक मुरडलं आणि ही आपल्या गावची नव्हेच, दक्षिणेकडून टँकरने आलेली स्वस्तातली दिसते, असं ठणकावून सांगितलं.

फिर्मांने मोजा ओढला. लेबल एव्हरार यांचंच होतं.

तळघर हसून हसून फुटायचंच बाकी राहिलं. टँकर कुठे लावलाय, असं कुणीतरी विचारलं. एव्हरार सर्दीचं काहीतरी पुटपुटले.

ओदील हसली नाही. टेबलावर अंथरलेल्या कागदावर, वाइनच्या डागांमध्ये, तिने लिहिलं: ही वाइन व्हालमेरच्या उताराची आहे. खाली तेवीस मळेवाल्यांनी सह्या ठोकल्या. मग तिने तो कागद टर्रकन फाडून प्रमुखांपुढे ठेवला.

“एक जागा ठेवलीय, एव्हरार. सही करताय, की स्वतःची वाइन न ओळखणारा माणूस आमची माती कशी ठरवतो, ते सगळ्यांदेखत सांगताय? बोला.”